विश्लेषण : पोर्शे बाहेर, फोर्ड-मॅक्लारेन आत... ल माँच्या शर्यतीसाठी कंपन्या गाडी निवडतात कशी?

फ्रान्समधील ल माँ येथे जून २०२५ मध्ये झालेली २४ तासांची शर्यत संपली, तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या गाडीत अंतर होते अवघे १४ सेकंदांचे. पहिली आली एएफ कोर्से संघाची पिवळी फेरारी. दुसरी होती ६ क्रमांकाची पोर्शे. पात्रता फेरीत वजन कमी भरल्याने बाद ठरलेली ही पोर्शे हायपरकार गटाच्या अगदी शेवटून निघाली होती आणि रात्रभर एकेक गाडी मागे टाकत विजयाच्या दारापर्यंत पोहोचली होती.

या जिद्दीचे पुढे काय झाले? चारच महिन्यांत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, पोर्शेने मोसमाअखेर जागतिक एन्ड्युरन्स अजिंक्यपद स्पर्धेतून, म्हणजे डब्ल्यूईसीमधून, आपला अधिकृत संघ मागे घेत असल्याचे जाहीर केले. ल माँची शर्यत सर्वाधिक १९ वेळा जिंकलेली ही कंपनी. मात्र तिच गाडी अमेरिकेतील स्पर्धेत पुढेही धावणार होती.

दुसरीकडे ह्युंदाईचा आलिशान ब्रँड जेनेसिस २०२६ च्या मोसमापासून, तर फोर्ड आणि मॅक्लारेन २०२७ पासून याच स्पर्धेत उतरण्याच्या तयारीला लागले. एका कंपनीला जे परवडेना, ते दुसऱ्या तिघींना आकर्षक कसे वाटते? त्याचे उत्तर गाडीच्या वेगात कमी आणि ती कोणत्या नियमांत बांधली यात जास्त आहे.

ही शर्यत नेमकी असते कशी?

ल माँची शर्यत १९२३ मध्ये सुरू झाली. सुमारे १३.६ किलोमीटरच्या ट्रॅकवर सलग २४ तास गाड्या धावतात. या ट्रॅकचा बराचसा भाग एरवी सर्वसामान्य वाहतुकीचा रस्ता असतो. एका गाडीसाठी तीन ड्रायव्हर असतात आणि ते आळीपाळीने गाडी चालवतात. २४ तासांत ज्याच्या फेऱ्या सर्वाधिक, तो विजेता. २०२५ मध्ये विजेत्या फेरारीने ३८७ फेऱ्या पूर्ण केल्या, म्हणजे ५,२०० किलोमीटरहून अधिक अंतर एका दिवसात कापले. रॉबर्ट कुबित्सा, ये यीफेई आणि फिल हॅन्सन हे तिघे ती गाडी चालवत होते.

शर्यतीचे आयोजन एसीओ ही फ्रेंच मोटार संघटना करते. आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघ, म्हणजे एफआयए, आणि एसीओ मिळून २०१२ पासून डब्ल्यूईसी भरवतात. २०२५ मध्ये तिच्यात आठ शर्यती होत्या : कतार, इमोला, स्पा, ल माँ, साओ पावलो, ऑस्टिन, फुजी आणि बहारीन. अमेरिकेत इम्सा ही स्वतंत्र संघटना स्वतःची मालिका चालवते. डेटोनाची २४ तासांची आणि सेब्रिंगची १२ तासांची शर्यत तिच्याकडे आहे. एसीओ आणि इम्सा या दोन नावांभोवतीच गाडी निवडण्याचे बरेचसे गणित फिरते.

एकाच ट्रॅकवर तीन शर्यती का?

ल माँला एका वेळी ६२ गाड्या सुटतात, पण त्या सगळ्या एकमेकींशी स्पर्धा करत नसतात. त्यांचे तीन गट असतात.

सर्वात वर हायपरकार. खास शर्यतीसाठी बांधलेल्या, ताशी ३३० किलोमीटरहून अधिक वेग गाठणाऱ्या या गाड्या. इथे लढत असते ती मोटार कंपन्यांची आणि एकूण विजेताही याच गटातून अपेक्षित असतो.

मधला गट एलएमपी२. याही खास शर्यतीच्याच गाड्या. पण इंजिन सर्वांना एकच, गिब्सन कंपनीचे व्ही८. सांगाडाही मान्यताप्राप्त उत्पादकांकडूनच विकत घ्यायचा. हा गट खासगी संघांचा. हायपरकार वाढल्याने २०२४ पासून डब्ल्यूईसीच्या बाकी शर्यतींत त्याला जागा उरली नाही. ल माँला मात्र तो आजही असतो.

तिसरा गट एलएमजीटी३. पोर्शे ९११, फेरारी २९६, फोर्ड मस्टँग, बीएमडब्ल्यू एम४ अशा रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांची ही शर्यतीसाठी घडवलेली रूपे. हायपरकार ल माँची एक फेरी साडेतीन मिनिटांच्या आत पूर्ण करते, जीटी३ गाडीला चार मिनिटांच्या आसपास लागतात. त्यामुळे वेगवान गाड्यांना दिवसरात्र संथ गाड्यांमधून वाट काढावी लागते.

एलएमएच आणि एलएमडीएच म्हणजे काय?

खरी गुंतागुंत हायपरकार गटात आहे. इथे एकाच विजेतेपदासाठी दोन वेगवेगळ्या नियमावल्यांनुसार बांधलेल्या गाड्या लढतात. कंपनीला आधी यातली एक नियमावली निवडावी लागते.

पहिली एलएमएच. ही २०२१ पासून लागू आहे. यात कंपनी सांगाडा, इंजिन, विजेवर चालणारी यंत्रणा असे सगळे स्वतः आखू शकते. हायब्रिड यंत्रणा असलीच पाहिजे असे नाही. असेल तर विजेची मोटार पुढच्या चाकांना बसवता येते आणि तिची ताकद २०० किलोवॉटपर्यंत असू शकते. म्हणजे गाडी काही वेळ चारही चाकांवर जोर लावते. टोयोटा, फेरारी, प्युजो आणि ॲस्टन मार्टिन यांनी ही वाट धरली.

दुसरी एलएमडीएच. एसीओ आणि इम्सा यांनी जानेवारी २०२० मध्ये ती एकत्र जाहीर केली आणि २०२३ च्या डेटोना शर्यतीत या गाड्या पहिल्यांदा धावल्या. यात सांगाडा चार मान्यताप्राप्त उत्पादकांपैकी एकाकडून घ्यावा लागतो : दलारा, ओरेका, लिजिए किंवा मल्टिमॅटिक. विजेची मोटार बॉशची, गिअरबॉक्स एक्सट्रॅकचा आणि बॅटरीही ठरलेल्या पुरवठादाराची. ही मोटार मागच्या चाकांना जोर देते आणि तिची ताकद फक्त ५० किलोवॉट असते. कंपनीच्या हातात उरते ते इंजिन आणि बाहेरचे रूप.

पोर्शे, बीएमडब्ल्यू, कॅडिलॅक, अल्पिन, लॅम्बोर्गिनी आणि फक्त अमेरिकेत धावणारी अक्युरा यांनी एलएमडीएच निवडली.

घर बांधण्याचेच उदाहरण घ्या. एलएमएच म्हणजे प्लॉट घेऊन पायापासून स्वतः उभारलेला बंगला. एलएमडीएच म्हणजे बिल्डरने खांब, स्लॅब आणि वायरिंग करून दिलेले घर. दर्शनी भाग आणि आतली सजावट तेवढी तुमची. दोन्ही घरांवर पाटी मात्र तुमच्याच नावाची.

दोन नियमावल्यांची गरज का पडली?

कारण आधीचा एकच नियम सगळ्यांना घेऊन बुडाला होता. गेल्या दशकात अव्वल गट होता एलएमपी१ हायब्रिड. ऑडी, पोर्शे आणि टोयोटा यांनी त्यात अक्षरशः पाण्यासारखा पैसा ओतला. गाड्या तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अफाट होत्या, पण हा खर्च विक्री विभागाला पटवून देणे कठीण होत गेले. फोक्सवॅगन समूहाचे डिझेल प्रदूषण प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आले. त्याच समूहातील ऑडीने २०१६ च्या अखेरीस स्पर्धा सोडली, पोर्शेने २०१७ च्या अखेरीस. २०१८-१९ च्या मोसमात अव्वल गटात टोयोटा ही एकच मोठी कंपनी उरली. टोयोटाने पुढे २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षे ल माँ जिंकली, पण समोर तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नव्हता.

या खेळाला असे झटके नवे नाहीत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महागड्या ३.५ लिटर इंजिनांच्या नियमानंतर आधीची जागतिक स्पोर्ट्सकार स्पर्धा १९९२ मध्ये बंदच पडली होती. कंपन्या येतात, खर्च वाढवतात, एकजण सोडतो आणि मग रांगच लागते, हे आयोजकांनी पाहिले होते.

म्हणून नव्या नियमांत खर्चाला लगाम घालायचे ठरले. गाडीची एकूण ताकद ५०० किलोवॉट, म्हणजे सुमारे ६७० अश्वशक्तीवर बांधली. किमान वजन १,०३० किलो ठेवले, साधारण एखाद्या छोट्या हॅचबॅकइतके. विजेची मोटार कितीही मोठी असली तरी इंजिन आणि मोटार मिळून ताकद ठरलेल्या मर्यादेतच ठेवायची. हवेचा दाब आणि हवेचा विरोध यांचे प्रमाणही ठरावीक चौकटीत बसायला हवे. ते विंड टनेलमध्ये तपासले जाते. थोडक्यात, जास्त पैसे ओतून जास्त वेग विकत घेण्याचा रस्ताच अरुंद केला.

परिणाम लगेच दिसला. २०२४ मध्ये हायपरकार गटात नऊ कंपन्या होत्या.

मग फेरारीने खर्चिक वाट का धरली?

वेग सर्वांना सारखाच मिळणार असेल तर जास्त खर्च कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. फेरारीच्या बाबतीत उत्तर तिच्या नावात आहे. दुसऱ्याच्या सांगाड्यावर आपला घोडा चिकटवणे या कंपनीला परवडणारे नव्हते; पैशाने नव्हे, प्रतिमेने. ४९९पी या गाडीचे नावच तिच्या इंजिनावरून आले आहे. सहा सिलिंडर, प्रत्येकाची क्षमता ४९९ सीसी, म्हणजे सुमारे तीन लिटरचे व्ही६. रस्त्यावरच्या २९६ मालिकेच्या इंजिनाशी त्याचे नाते आहे. शोरूममधल्या गाडीशी ल माँचा धागा असा जोडला जातो.

फेरारीने याआधी एकूण विजेतेपद मिळवले होते १९६५ मध्ये. तब्बल ५८ वर्षांनी, २०२३ मध्ये, शर्यतीच्या शताब्दीलाच तिने ते पुन्हा जिंकले. २०२४ आणि २०२५ मध्येही तीच जिंकली. २०२५ चे उत्पादकांचे जागतिक अजिंक्यपदही तिनेच पटकावले.

ॲस्टन मार्टिनचे कारण वेगळे. तिच्याकडे व्हॅल्किरी ही रस्त्यावर धावणारी हायपरकार आधीपासून होती, ६.५ लिटर व्ही१२ इंजिनाची. तिला शर्यतीत आणायचे तर एलएमएच हाच मार्ग. या गाडीत हायब्रिड यंत्रणाच नाही. रस्त्यावरच्या गाडीपेक्षा शर्यतीतल्या गाडीची ताकद कमी ठेवावी लागते, ही त्यातली गंमत.

इतरांनी सांगाडा विकत का घेतला?

कारण त्यांना एकाच गाडीवर दोन खंड हवे होते. पोर्शे, बीएमडब्ल्यू आणि कॅडिलॅक यांच्यासाठी अमेरिका ही मोठी बाजारपेठ. एलएमडीएच गाडी इम्साच्या मालिकेत आणि ल माँला दोन्हीकडे चालते. एकदा गाडी बनवा, डेटोनाही खेळा आणि ल माँही. एलएमएच गाड्यांनाही इम्साने दार उघडे ठेवले, पण २०२५ पर्यंत तिथे गेली ती फक्त व्हॅल्किरी.

दुसरे कारण वेळ आणि माणसे. सांगाडा, गिअरबॉक्स आणि बॅटरी आयती मिळाली की कंपनीचे अभियंते इंजिन आणि सॉफ्टवेअर यांवर लक्ष देऊ शकतात. इंजिनात मात्र प्रत्येकाने आपला ठसा जपला. कॅडिलॅकने टर्बो नसलेले ५.५ लिटरचे व्ही८ घेतले. त्याचा घुमणारा आवाज प्रेक्षक डोळे मिटूनही ओळखतात. पोर्शेने ४.६ लिटरचे ट्विन टर्बो व्ही८, तर अक्युराने जेमतेम २.४ लिटरचे व्ही६ वापरले. जेनेसिसने ह्युंदाईच्या रॅली गाडीतील चार सिलिंडर इंजिनाच्या आधारे ३.२ लिटरचे व्ही८ तयार केले. पुण्याजवळ तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना विकत घेणारी ह्युंदाई ती हीच.

तिसरे कारण ग्राहक. पोर्शेची ९६३ खासगी संघांनाही विकत मिळाली. ब्रिटनच्या जोटा संघाने ती घेतली आणि मे २०२४ मध्ये स्पाची शर्यत जिंकून दाखवली. हायपरकार गटातला खासगी संघाचा तो पहिला विजय. हाच जोटा संघ २०२५ पासून कॅडिलॅकचा अधिकृत संघ झाला.

महाग आणि स्वस्त गाडी बरोबरीत कशी आणतात?

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जाणाऱ्यांना हे चटकन कळेल. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात, म्हणजे दुबळ्या घोड्यालाही संधी मिळते. मोटारींसाठी हेच काम 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स', म्हणजे बीओपी, करते.

एफआयए आणि एसीओ प्रत्येक शर्यतीआधी प्रत्येक मॉडेलचे किमान वजन, कमाल ताकद आणि दोन पिटथांब्यांच्या दरम्यान किती ऊर्जा वापरता येईल हे ठरवून देतात. गाडीच्या ॲक्सलवर टॉर्क सेन्सर असतात. चाकांपर्यंत नेमकी किती ताकद पोहोचते हे त्यातून मोजले जाते, त्यामुळे इंजिनाची ताकद लपवता येत नाही. पुढच्या चाकांना वीज देणाऱ्या गाड्यांवर आणखी एक बंधन असते. २०२३ मध्ये टोयोटा आणि फेरारी यांना ताशी १९० किलोमीटरच्या वर गेल्यावरच पुढची मोटार वापरता येत होती. वळणातून बाहेर पडताना चारही चाकांचा फायदा मिळू नये, हा त्यामागचा हेतू.

कागदावर हे न्याय्य दिसते. पण घोडा मुद्दाम हळू पळवला तर पुढच्या शर्यतीत वजन कमी मिळते, ही शंका रेसकोर्सइतकीच इथेही असते. शिवाय वजन ठरवणाऱ्यावर सगळ्यांचा विश्वास असावा लागतो.

तो विश्वास २०२३ मध्ये हलला. शर्यतीच्या सुमारे दहा दिवस आधी बीओपी बदलला. टोयोटावर ३७ किलो वाढले, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११ आणि पोर्शेवर अवघे ३. तोवरच्या शर्यती जिंकत आलेली टोयोटा ल माँला फेरारीपेक्षा ८१ सेकंदांनी मागे राहिली. अखेरच्या तासांत टोयोटाची गाडी घसरून आदळली होती, त्यामुळे निकालाचे खापर एकट्या वजनावर फोडता येणार नाही. पण टोयोटाची नाराजी लपली नाही. पुढे तर बीओपीवर जाहीर टीका करण्यावर नियमानेच बंदी आली.

निकाल काय सांगतात?

दोन्ही प्रकारच्या गाड्या २०२३ पासून एकत्र धावू लागल्या. त्या वर्षी सातही शर्यती एलएमएच गाड्यांनी जिंकल्या : सहा टोयोटाने, एक फेरारीने. २०२४ मध्ये चित्र बदलले. आठपैकी तीन शर्यती एलएमडीएच असलेल्या पोर्शे ९६३ ने जिंकल्या आणि ड्रायव्हरांचे अजिंक्यपदही पोर्शेच्या त्रिकुटाला मिळाले. २०२५ मध्येही विभागणी पाच-तीन अशीच राहिली. मात्र एलएमडीएचचे तीन विजय तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते : साओ पावलोत कॅडिलॅक, ऑस्टिनमध्ये पोर्शे, फुजीत अल्पिन.

म्हणजे बरोबरी साधत आली आहे. एक अपवाद वगळता. ल माँ. २०२१ पासून २०२५ पर्यंतच्या पाचही शर्यती एलएमएच गाड्यांनी जिंकल्या. ज्या एका शर्यतीसाठी कंपन्या एवढा खटाटोप करतात, तिथे विकत घेतलेल्या सांगाड्याची गाडी तोवर पहिली आली नव्हती. १४ सेकंदांनी हुकलेली पोर्शे या मालिकेतली सर्वात जवळची गाठ.

निवड चुकली तर काय होते?

इथे चूक लवकर दुरुस्त करता येत नाही. गाडीला मान्यता मिळाली की तिचा आराखडा काही वर्षांसाठी गोठतो. सुधारणा करायच्या तर त्यासाठी मोजकेच 'जोकर' मिळतात.

प्युजोचा अनुभव बोलका आहे. तिची ९एक्स८ ही गाडी २०२२ मध्ये मागच्या पंखाविना आली. दिसायला विलक्षण, चारही टायर सारख्याच रुंदीचे. त्या वेळच्या नियमांत हा हिशेब बसत होता. पण पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर वापरणाऱ्या गाड्या सरस ठरल्या. प्युजोला एप्रिल २०२४ मध्ये मागे पंख आणि वेगळे टायर लावून गाडी जवळपास नव्याने आणावी लागली. तरीही २०२५ च्या अखेरपर्यंत तिच्या खात्यावर एकही विजय नव्हता.

लॅम्बोर्गिनीने लिजिएचा सांगाडा घेतला. तो घेणारी ती एकटीच. त्यामुळे त्या सांगाड्याच्या अडचणी सोडवायला आणि अनुभव वाटून घ्यायला दुसरे कुणी नव्हते. २०२५ पासून प्रत्येक कंपनीने दोन गाड्या उतरवल्याच पाहिजेत असा नियम आला आणि एका गाडीवर असलेली लॅम्बोर्गिनी डब्ल्यूईसीतून बाहेर पडली. इटलीची छोटी इसोता फ्रास्किनी तर २०२४ चा मोसमही पूर्ण करू शकली नाही.

छोट्या उत्पादकांना एलएमडीएचचा मार्ग मुळात बंदच होता, कारण तो मोठ्या मोटार कंपन्यांसाठी आखलेला. अमेरिकेच्या ग्लिकेनहाऊससारख्या छोट्या संघाने एलएमएचची गाडी बांधून २०२२ मध्ये ल माँला तिसरा क्रमांक मिळवला होता. पण कारखान्यांचे मोठे संघ उतरल्यावर २०२३ नंतर तोही दिसेनासा झाला.

मग खासगी संघांनी जायचे कुठे?

त्यांच्यासाठी खरा आधार जीटी३ आहे. फ्रेंच आयोजक स्टेफान रातेल यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये सुरू झालेला हा प्रकार इतका पसरला की आज युरोप, अमेरिका, आशिया, ऑस्ट्रेलिया सगळीकडे त्याच गाड्या चालतात. संघाने एक गाडी घेतली की ती अनेक मालिकांत वापरता येते आणि नंतर विकताही येते.

कंपनीच्या हिशेबातही जीटी३ वेगळ्या रकान्यात बसते. हायपरकार हा खर्च असतो. जीटी३ हा धंदा असतो : कंपनी गाडी विकते, सुटे भाग विकते, अभियंत्यांची सेवा विकते. त्याआधीचा जीटीई हा गट कारखान्यांच्या चढाओढीत इतका महाग झाला की २०२२ च्या मोसमात त्याच्या व्यावसायिक विभागात फेरारी, पोर्शे आणि कॉर्व्हेट एवढेच उरले. २०२४ पासून त्याची जागा एलएमजीटी३ ने घेतली आणि पहिल्याच मोसमात नऊ ब्रँड हजर झाले.

इथला आणखी एक नियम महत्त्वाचा. एफआयए ड्रायव्हरांची प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशी प्रतवारी करते. एलएमजीटी३ मध्ये तिघांपैकी एक ब्राँझ, म्हणजे हौशी ड्रायव्हर, असावाच लागतो. अनेकदा संघाचा खर्च उचलणारा उद्योजक तोच असतो. मोटोजीपीचा महान खेळाडू व्हॅलेंटिनो रॉसीही याच गटात बीएमडब्ल्यू घेऊन ल माँला उतरला. कोणती गाडी घ्यायची हे ठरवताना संघ सर्वात वेगवान गाडीपेक्षा हौशी ड्रायव्हरला सांभाळता येईल अशी, टायर न खाणारी गाडी शोधतात. कारण शर्यत हातून निसटते ती बहुधा संथ ड्रायव्हरच्या पाळीत.

भारतीयांचा ल माँशी संबंध आला तोही खासगी संघांच्या वाटेने. चेन्नईच्या करुण चंढोकने २०१२ मध्ये जेआरएम या ब्रिटिश संघातून एचपीडीची, म्हणजे होंडाच्या अमेरिकी रेसिंग विभागाची, विकत घेतलेली गाडी चालवली आणि सहावा क्रमांक मिळवला. बेंगळूरुचा अर्जुन मैनी २०१९ मध्ये एलएमपी२ गटात धावला. खासगी संघांच्या जागा आक्रसल्या तर अशा ड्रायव्हरांची दारेही आक्रसतात. मोठ्या कंपन्यांच्या गर्दीची ही दुसरी बाजू.

पोर्शे का गेली? पुढे काय?

पोर्शेची गाडी हरत होती म्हणून ती गेली नाही. ९६३ ने अमेरिकेत आणि डब्ल्यूईसीमध्येही विजेतेपदे मिळवली होती. पण चीनमधली घटती विक्री आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या योजनांमधील फेरबदल यांमुळे कंपनीच्या नफ्याला मोठी गळती लागली होती. दोनपैकी एक मालिका सोडायची वेळ आली, तेव्हा तिने इम्सा आणि विजेवर चालणारी फॉर्म्युला ई ठेवली. दोन्हीकडे चालणारी गाडी निवडण्याचा हाही एक फायदा : एक दार बंद केले तरी गाडी गॅरेजमध्ये पडून राहत नाही. फक्त एका स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या कंपनीला ही सोय नसते.

नव्याने येणाऱ्या तिघींनी काय निवडले, ते पाहण्यासारखे आहे. जेनेसिसने ओरेकाचा सांगाडा घेतला. फोर्डनेही ओरेकाच. मॅक्लारेनने दलारा. तिघीही एलएमडीएच. एकीनेही पायापासून बंगला बांधला नाही.

याचा अर्थ, विकत घेतलेल्या सांगाड्यावरही फेरारीला ल माँमध्ये हरवता येईल, असा भरवसा या कंपन्यांनी दाखवला आहे. त्यांचे अभियंते कितीही हुशार असले तरी हा भरवसा शेवटी टिकतो तो वजनाचा तक्ता तयार करणाऱ्यांवर. तो तक्ता न्याय्य वाटला तर २०२७ मध्ये फोर्ड, फेरारी आणि मॅक्लारेन अव्वल गटात समोरासमोर दिसतील. १९६० च्या दशकातील फोर्ड-फेरारी वैराच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या चाहत्यांसाठी ही पर्वणीच असेल. तक्त्याबद्दलची कुरबुर वाढत गेली, तर मात्र बाहेर पडायला कंपनीच्या संचालक मंडळाची एक बैठक पुरते. एलएमपी१ च्या काळात ऑडी आणि पोर्शेने ते दाखवून दिले आहे.